धोमच्या पाण्यात जुनी शिडाची होडी : समज आणि वस्तुस्थिती

कोकणातून आणलेली लाकडी होडी असो, की एखाद्या क्लबाने विकून टाकलेली फायबरची. ती धोम धरणाच्या जलाशयात दोन तासांसाठी सोडायची म्हटली की वाईत सल्ल्यांना तोटा नसतो. त्यातले बरेचसे सल्ले चुकीच्या समजांवर उभे असतात, आणि पाण्यावर त्याची किंमत मोजावी लागते.

पहिला समज होडीच्या वयाबद्दल. ‘इतकी जुनी होडी पाण्यात कशाला घालायची?’ पण नुसत्या वयाने होडी बाद होत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्याच नौकेने 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांना कुठेही न थांबता जगाभोवती फिरवून आणलं. पुढे टॉमी ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 2023 साली दुसरे आले, तिचा नियमच असा की नौकेची रचना 1988 पूर्वीची हवी. तेव्हा होडी कधी बांधली यापेक्षा तिचा कुठला भाग शेवटचा कधी उघडून पाहिला, हे विचारावं.

लाकडी होडीबद्दलचा समज तर फारच पक्का आहे : खारं पाणी सगळं खातं, गोड्या पाण्यात लाकूड सुखाने राहतं. लोखंडी खिळ्यांपुरतं हे खरं. लाकूड पोखरणारा समुद्री प्राणी गोड्या पाण्यात जगत नाही, हेही खरं. पण लाकूड कुजवते ती बुरशी, आणि मीठ तिला रोखतं. पावसाचं आणि धरणाचं गोडं पाणी तिला मानवतं. म्हणून समुद्रावर वर्षानुवर्षं टिकलेली होडी आपल्या अंगणात दोन पावसाळे उघडी पडली की आतून जाऊ शकते. रंग शाबूत असतो, त्यामुळे कळतही नाही. इथे दाभण हाती घ्यावा. फळ्या पुढच्या टोकाशी जिथे मिळतात ती जागा, डोलकाठीचा पाय बसतो ते लाकूड, बसायच्या फळीखालचे कोपरे, थोडक्यात पावसाचं पाणी साचून राहतं त्या सगळ्या जागा टोचून पाहाव्यात. चांगल्या लाकडात दाभण अडतो. कुजलेल्यात तो अलगद शिरतो आणि बाहेर काढताना टोकाला ओला, तपकिरी भुगा घेऊन येतो. तसं झालं की लांबी भरून, वर रंग देऊन काम भागवू नये. तो तुकडा काढून नवं लाकूड बसवावं.

याच्या उलटा समज म्हणजे ‘शेडमध्ये कोरडी ठेवली, मग काळजी नाही.’ आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत फळी लांबीला जवळपास तेवढीच राहते, पण रुंदीत आकसते. पंधरा सेंटिमीटरची फळी दोन टक्के जरी आकसली तरी तीन मिलिमीटरची फट पडते. ती पाहून माणूस घाबरतो आणि घट्ट, कडक होणारं एपॉक्सी ठासून भरतो. यापेक्षा मोठी चूक नाही. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, फुगायला जागा उरत नाही, त्या एकमेकींना रेटतात आणि खिळे उपटले जातात, आतल्या फासळ्या तडकतात. सांध्यात कापसाचा पीळ आणि मऊ राहणारं लुकण असावं. आधी काही दिवस आत ओली गोणपाटं अंथरावीत, मग होडी काठाशी उथळ पाण्यात बांधून ठेवावी. सुरुवातीला पाणी येणारच, ते उपसत राहावं. लाकूड फुगलं की ते कमी होतं. रात्रभरात तळाशी किती पाणी साठलं हे रोज एकाच काठीने मोजावं. आकडा खाली यायचा थांबला आणि तरी पाणी येतच राहिलं, तर ती गळती फुगण्याने भरणारी नाही.

फायबरच्या होडीला यातलं काही लागत नाही म्हणून तिचे मालक निर्धास्त असतात. पण फायबरच्या आत बरेचदा प्लायवूड असतं, आणि ज्या बोल्टवाटे पाणी मुरतं त्यांच्याभोवती ते कुजतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावं. टणक आवाज मध्येच बद्द झाला की तिथे काहीतरी बिघडलं आहे. लहान होडीत हवाबंद कप्पे असतात, त्यांच्या झाकणांचे रबर हमखास कडक झालेले सापडतात. शंभर लिटरचा कप्पा कोरडा असेल तर साधारण शंभर किलोंचा भार तरंगता ठेवतो. त्यात पाणी शिरलं तर उलटलेली होडी सरळ करणं अवघड होऊन बसतं.

मात्र माझ्या मते जुन्या होडीचा खरा धोका तळात नसून वर असतो. शीड फाटलेलं नाही म्हणजे चांगलं आहे, असं मानलं जातं. ऊन आधी शिवणीचा दोरा खातं, कापड नंतर. शिवणीवरून नख ओढावं. दोरा तुटला तर ते शीड जोराच्या वाऱ्यात उसवणार. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या स्टीलच्या तारांवरून जुना सुती कपडा फिरवावा. तारेचा एखादा पेड तुटला असेल तर कपडा अडकतो. तुटलेला पेड बहुधा तारेच्या टोकाशी, कडीच्या तोंडाजवळ असतो. तिथला गंजाचा डाग पुसून पुढे जाऊ नये, तार बदलावी. सुकाणूच्या बिजागऱ्या आणि स्प्लिट पिना बाजारात थोडक्या पैशांत मिळतात. त्यातली एक निसटली तर सुकाणू हातात येतं.

‘समुद्र थोडाच आहे, धरण तर आहे!’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. धोम साडेतेरा टीएमसीचा जलाशय आहे, आणि भोवती डोंगर आहेत. डोंगरातून येणारा वारा एका दिशेने, एका जोराने वाहत नाही. तो झोतात येतो आणि दिशा बदलतो. ताशी 15 किलोमीटरचा वारा 30 झाला तर शिडावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून शीड खालून गुंडाळून लहान करायची सोय काठावरच करून पाहिलेली हवी. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो आणि त्याच्या पुढे वाऱ्याचा लोट धावतो. त्या दिवसांत सकाळी जाऊन अकराच्या आत परतावं. त्याच सुमाराला पाणी उतरलेलं असतं. एरवी बुडालेले खुंट, जुने बांध पृष्ठभागाजवळ येतात. मच्छीमारांची जाळी, शेतीपंपांचे पाइप आणि दोर यांच्यापासूनही लांब राहावं.

पोहता येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट लागतं, आणि ते अंगात हवं, फळीखाली नको. जुन्या जॅकेटचा फोम दबलेला असू शकतो; कमरेइतक्या पाण्यात ते घालून, पाय उचलून पाहावं. जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारावं, कारण धरणाची भिंत आणि सांडव्याजवळचा भाग होडीसाठी नाही. काठावर एकाला परतीची वेळ सांगून ठेवावी, आणि त्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहून त्याने कुणाला फोन करायचा, तो नंबर त्याच्याकडे लिहून द्यावा.