होटगी रोडवर गाडीला गार हवा पाजताना

मे महिन्यात दुपारी दीड वाजता सोलापूरच्या आसरा चौकाच्या गर्दीत अडकून बघा. शेजारी एखादी लाल पोलो जीटी उभी असते. सायलेन्सर मूळचाच, तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढून ‘सूंऽऽऽ’ असा आवाज. पोरगं खूश! त्यानं बॉनेटखाली बसवून घेतलेल्या नळकांड्याला बाजारात ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात, म्हणजे इंजिनाला गार हवा पाजायची सोय. एमएच 13 मध्ये, मे महिन्यात, गार हवा. इथं माणसांना मिळेना!

कल्पना मात्र खुळी नाही. खुळेपणा असलाच तर तो बसवण्यात असतो.

लिटरला टँकर

एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे लिटरमागे जवळपास अकरा किलो हवा. होटगीच्या उन्हाळी हवेचं माप लावलं तर ती होते दहा हजार लिटर. सोलापूरकराला हा आकडा समजावून सांगायला नको: पाण्याचा एक अख्खा टँकर. पंपावर पाच लिटर भरून निघालात की वाटेत पाच टँकर हवा ओढणार, आणि तीही फुकट, नंबर न लावता.

1.2 लिटरचं साधं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला साधारण साडेतीन हजार लिटर हवा घेतं. शांत बसलेला माणूस घेतो सहा लिटर. म्हणजे लग्नाचं जवळपास सहाशे जणांचं वऱ्हाड तुमच्या बॉनेटखाली बसून श्वास घेतंय असं समजा.

या वऱ्हाडाला उन्हाळा सोसत नाही. हवा तीनेक अंशांनी तापली की तेवढ्याच जागेत मावणारी हवा एका टक्क्यानं घटते. डिसेंबरच्या पहाटेचे 14 अंश आणि मेच्या दुपारचे 43 यांत नऊ टक्क्यांचा फरक पडतो. त्यात सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच, त्यामुळे मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ हवा आपल्या वाट्याला आधीच आलेली. ‘थंडीत गाडी पळते साहेब’ हे मेकॅनिकचं वाक्य शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे.

होटगी रोडच्या विमानतळावरून 9 जून 2025 पासून गोव्याला उडणाऱ्या एटीआर विमानालाही हाच नियम. ऊन चढलं की पंखाखालची हवा हलकी, इंजिनात जाणारीही हलकी, आणि धावपट्टी जास्त खर्ची पडते. याच विमानतळापायी जून 2023 मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. गंमत म्हणजे चिमणी ही कोल्ड एअर इनटेकची उलट्या डोक्याची बहीण. तिला हवा हलकी हवी, म्हणजे धूर आपोआप वर जातो. इंजिनाला हवा जड हवी.

कोन, डबा आणि सोंड

बाजारात के अँड एन, बीएमसी, एईएम, पायपरक्रॉस अशी बरीच नावं आहेत. पण नावावर जाऊ नका, घाट बघा.

सगळ्यात गरीब प्रकार म्हणजे कंपनीच्या डब्यातला कागदी फिल्टर काढून त्याच मापाचा, तेल लावलेला सुती फिल्टर टाकायचा. दहा मिनिटांचं काम. फरक? कानाला किंचित, पाठीला जवळपास नाही.

दुसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय: डबाच फेकून द्यायचा आणि बॉनेटखाली शंकूसारखा उघडा फिल्टर, म्हणजे ‘कोन’, लावायचा. ‘सूंऽऽऽ’ येतो तो इथून. कंपनीच्या डब्यात आवाज गिळायला मुद्दाम पोकळ कप्पे केलेले असतात. डबा गेला की ते कप्पेही गेले. पण हा कोन श्वासात कुठली हवा घेतो? रेडिएटरवरून येणारी, इंजिनाला घासून तापलेली. ओबीडी सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर ‘इनटेक एअर टेंपरेचर’ उघडा आणि भर उन्हात पाच मिनिटं जागेवर उभे राहा. आकडा साठीच्या पुढे सरकताना दिसला तर दचकू नका. नावात ‘कोल्ड’, आत भट्टी.

तिसरी खरी सोंड: लांब नळी थेट बंपरमागे किंवा चाकाच्या कमानीत उतरते आणि बाहेरची हवा घेते. पळत्या गाडीत ही प्रामाणिकपणे काम करते. तिचा शत्रू पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरानं जिल्ह्यात जे केलं ते पाहिलेल्यांनी हा प्रकार पावसाळ्याआधी पुन्हा तपासावा. एईएमनं यावर एक झडप काढली आहे. सोंड पाण्यात बुडाली की नळीला वरच्या बाजूनं हवा मिळते.

चौथा म्हणजे चहूबाजूंनी बंद डबा आणि समोरून हवा आणणारी नळी. कार्बन फायबरमध्ये केलेला, दिसायला देखणा, किमतीला घाम फोडणारा. अभियांत्रिकी म्हणून हाच सरस. पण नीट बघा: बंद डबा आणि समोरून नळी, हे तर चाकणला कारखान्यातून पोलो निघाली तेव्हाच बसवलेलं होतं, फक्त काळ्या प्लॅस्टिकचं!

चाकणची 105 अश्वशक्तीची पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, शेंद्र्याची ऑक्टाव्हिया व्हीआरएस. असल्या नळ्या लावून घेणाऱ्यांच्या आवडत्या या गाड्या महाराष्ट्रातच बनल्या किंवा जुळवल्या गेल्या, आणि तिन्ही टर्बोवाल्या. टर्बोत खरी मेख वेगळीच. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना? टर्बो तेच करतो, हवा दाबून शंभर अंशांच्या पार नेतो. मग इंटरकूलर ती पुन्हा निववतो. म्हणून टर्बो गाडीत पैसे घालायचेच असतील तर नळीपेक्षा इंटरकूलरवर घाला. पुढाऱ्यांच्या जुन्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचं ते रुबाबदार तोंड? ते इंजिनाच्या नाकाचं नव्हेच; खाली झोपवलेल्या इंटरकूलरवर वारा घालण्यासाठी आहे.

होटगी जंक्शनवर अल्को डिझेल इंजिन गाडी ओढायला लागलं की काळाकुट्ट लोट उठायचा, आठवतो? तोही हवेचाच घोटाळा. ड्रायव्हरनं जोराची पायरी (नॉच) वाढवली की डिझेल लगेच हजर, टर्बो मात्र सावकाश फिरायला लागणार. इंधन आधी, हवा मागून. मधल्या वेळात अर्धवट जळालेल्याचा धूर.

कूलर, एसी आणि सोनं

जगात गार हवेसाठी लोकांनी काय काय केलंय! 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारायची सोय होती. मालक टाकी भरायलाच विसरायचे. घरच्या कूलरचं दुसरं काय होतं? अर्ध्या शतकानं बीएमडब्ल्यूनं एम4 जीटीएसमध्ये पाण्याचा फवारा पुन्हा आणला. डॉज डेमन त्याच्या पुढे गेली: शर्यतीच्या वेळी गाडीतल्या एसीचा गारवा माणसाकडून काढून इंजिनाच्या हवेला. आणि 1992 साली जगापुढे आलेल्या मॅक्लारेन एफ1 च्या इंजिनाच्या खोलीला उष्णता परतवायला आतून सोन्याचा वर्ख लावलेला. सोळा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मंगळसूत्राइतकंच, आणि तेही इंजिनापाशी.

आवाजाचं म्हणाल तर त्यातही लबाडी आहे. टोयोटा जीटी86 मध्ये इनटेकचा आवाज केबिनमध्ये सोडायला वेगळी नळी आहे. बीएमडब्ल्यू एम5 च्या एका पिढीत तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजतो. उघड्या कोनवाला पोरगा त्या मानानं प्रामाणिकच.

ट्रॅक्टर जिंकतो

हिशेब करू. नळीनं हवा दहा अंशांनी गार केली तर तीन टक्के हवा वाढते. 105 अश्वशक्तीत तीनच अश्वशक्ती, तीही साध्या इंजिनाच्या हिशेबानं. टर्बोत त्याहून कमी. पोलोचं वजन अकराशे किलोच्या आसपास. मागच्या सीटवरच्या सत्तर किलोच्या मित्राला बस स्टँडवर उतरवलंत तर त्याच्या दुप्पट फायदा, आणि बिल शून्य.

अ‍ॅव्हरेजचं आमिषही फसवं. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेनं 2009 मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक इंजेक्शनच्या गाड्यांत चोंदलेला फिल्टर बदलल्यानं अ‍ॅव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. पिकअप मात्र 6 ते 11 टक्के सुधारला. म्हणजे दीड-दोनशे अश्वशक्तीची स्वप्नं बघण्याआधी तीन-चारशे रुपयांचा कागदी फिल्टर बदला.

कारण आपला मामला उन्हाइतकाच धुळीचा आहे. होटगीच्या आसपास सिमेंटचा कारखाना, फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॅटचं कोळशावरचं वीजकेंद्र, हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि बारा महिने काळी माती. कापूस-जाळीचा फिल्टर हवा मोकळी सोडतो तशी बारीक धूळही कागदापेक्षा जास्त सोडतो. त्यात त्याला तेल जास्त पाजलं की ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी हुकायला लागते. पारखायची युक्ती स्वस्त आहे: फिल्टरच्या पलीकडे नळीच्या आत बोटभर ग्रीस लावा, आठवडाभर गाडी चालवा, मग ते ग्रीस दोन बोटांत चोळा. रवाळ लागलं तर ती होटगीची माती तुमच्या सिलिंडरमध्ये पोचतेय.

आणि आता उसाच्या ट्रॉलीपुढचा जुना ट्रॅक्टर बघा. बॉनेटच्या वर, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, छत्रीसारखी टोपी घातलेली नळी. आत शिरणारी हवा गरगर फिरते, जाड धूळ वाटीत पडते, उरलेली खाली तेलाच्या भांड्यात अडकते. तोंड उंचावर असल्यानं चिखलपाण्याचीही भीती कमी. होटगी रोडवरचा सर्वांत अस्सल कोल्ड एअर इनटेक हाच, आणि त्याच्या मालकाला हे नाव माहीतही नसतं.

तेव्हा होटगी-वळसंग पट्ट्यात रोज ये-जा असेल तर कंपनीचा डबा जागेवर ठेवा, कागदी फिल्टर मॅन्युअलातल्या मुदतीच्या निम्म्यातच बदला, आणि गॅरेजवाला कॉम्प्रेसरची हवा मारायला लागला तर त्याला थांबवून सांगा: ‘आतून बाहेर मार रे, बाहेरून आत नको.’