पुन्हा कॉलेजात जाताय? आधी एवढं विचारा

मैत्रिणींनो, धाकटं शाळेत जायला लागलं, दुपार जरा मोकळी मिळू लागली, की लग्नाच्या वेळी अर्धवट राहिलेलं शिक्षण आठवू लागतं. आणि बहुतेकींचा ओढा तीनच वाटांकडे असतो: नर्सिंग, मानसशास्त्र नाहीतर शिक्षिकेचा पेशा. "चांगलं काम आहे, बाईमाणसाला शोभतं," असं घरची मंडळीही म्हणतात. (रात्रपाळीचं नाव निघेपर्यंत हं!)

साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला दहादा विचारतो. पण हजारोंची फी भरताना माहितीपत्रकावरचे हसरे चेहरे पाहूनच सही करून मोकळ्या होतो. तिथे एकच प्रश्न विचारायचा: या शिक्षणावर मला नेमकं कोणतं काम करता येईल, आणि त्याची परवानगी कोण देतं?

आधी शिक्षिकेची वाट घेऊ, कारण तिथेच गैरसमज फार. पदवीनंतरचं बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आहे. खुल्या गटाला पदवीला ५० टक्के गुण हवेत. वर्गातली हजेरी ८० टक्के लागते, आणि शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचे जे २० आठवडे असतात त्यांना ९० टक्के. म्हणजे नणंदेचं लग्न, सासूबाईंचं ऑपरेशन हे सगळं त्यात बसवायचं! बरं, इतकं करून पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नोकरी मिळेल म्हणाल, तर नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं शास्त्र आहे, आणि त्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते. आपण अजून तिला डी.एड.च म्हणतो. "मोठी पदवी आहे, लहान वर्गांना चालेलच" हा आपला हिशेब तिथे चुकतो. आठवीपर्यंतच्या वर्गांना टी.ई.टी. परीक्षाही द्यावी लागते. आणि 'घरबसल्या बी.एड.'ची जाहिरात दिसली तर हुरळून जाऊ नका. मुक्त विद्यापीठांचं बी.एड. आधीच शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी असतं.

मानसशास्त्राचं तर अगदी अलीकडे बदललं. घर सांभाळून पत्राद्वारे एम.ए. करायचं, हा कितीजणींचा बेत असायचा! पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी निगडित विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी केली. त्यात मानसशास्त्र आलं, आहारशास्त्रही आलं. आता हे विषय नियमित कॉलेजात जाऊनच शिकायचे. शिवाय नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी दाराला लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम हवा, आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव हवं. याच परिषदेची मान्यता असलेलं विशेष शिक्षणाचं बी.एड. असतं. मतिमंद, कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं हे काम. माझ्या मते ज्यांना माणसांची आणि मुलांची, दोन्हींची ओढ आहे त्यांनी ही वाट जरूर पाहावी. फारशा बायका तिकडे वळत नाहीत, हेच नवल.

नर्सिंगचं मात्र सरळ आहे. बी.एस्सी. चार वर्षांचं आणि बारावीला जीवशास्त्रासकट विज्ञान हवं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज मुंबईत १९६४ पासून चालू आहे. तीन वर्षांच्या जनरल नर्सिंगला इतर शाखांतून बारावी झालेल्यांनाही घेतात, पण वयाची अट असते, तेव्हा ती आधी विचारा. गल्लीतल्या 'सहा महिन्यांत नर्स व्हा' या वर्गांपासून चार हात दूरच राहा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल त्यावर नोंदणी देत नाही, आणि नोंदणी नसेल तर तुम्ही कायद्याने नर्स नव्हे.

आता कागदपत्रांचं. तुमची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधारकार्ड सासरचं, हा घोळ प्रवेशाच्या खिडकीपाशी हमखास निघतो. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रतही. शिक्षणात खंड पडला म्हणून प्रतिज्ञापत्र मागतात. जातीचा दाखला मात्र माहेरकडचाच लागतो, सासरचा चालत नाही. त्याच्या पडताळणीला वेळ लागतो. तेव्हा प्रवेश जूनमध्ये घ्यायचा असेल, तर दिवाळीला माहेरी जाल तेव्हाच वडिलांचे जुने कागद शोधून ठेवा.