औषध एक, किमती अनेक

बाजारात निवड करणारा आणि पैसे मोजणारा सहसा एकच असतो. औषधाच्या दुकानात मात्र निवड डॉक्टरांची आणि खिसा रुग्णाचा. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ सालीच केली होती. ती बव्हंशी कागदावरच राहिली. २०१३ च्या आदेशान्वये अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत ठरते, तीही उत्पादनखर्चावरून नव्हे, तर १ टक्का वा अधिक बाजारहिस्सा असलेल्या उत्पादनांच्या सरासरी किमतीवरून! जनऔषधी केंद्रांत तेच द्रव्य स्वस्त मिळते, हे खरे; पण चिठ्ठीवर द्रव्याचे मूळ नावच नसेल, तर गिऱ्हाइकाने मागावे काय? मग महिनाअखेरीस रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणाऱ्या कारकुनाला बेफिकीर तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?