स्टेरॉइड : नको तिथे भीती, नको तिथे बेफिकिरी

दम्याच्या मुलाला डॉक्टरांनी पंप लिहून दिला की आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यात स्टेरॉइड तर नाही ना?" त्याच घरात जांघेतल्या खाजेवर लावायला मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब असते. तिच्यात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. बऱ्याचदा तिच्यात अतितीव्र स्टेरॉइड असतं. जिथे औषध जीव वाचवतं तिथे आपण घाबरतो आणि जिथे ते घात करतं तिथे बिनधास्त वापरतो. म्हणून एकेक समज तपासून घेऊ.

गैरसमज : स्टेरॉइड म्हणजे जिममध्ये अंग कमावायला घेतात ते.

वस्तुस्थिती : स्टेरॉइड हे एका मोठ्या रासायनिक घराण्याचं नाव आहे. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं सुवर्णपदक ज्यामुळे गेलं, ते स्टॅनोझोलॉल हे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. त्याचं नातं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाशी. दमा, संधिवात, त्वचारोग यांवर डॉक्टर देतात ती प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोनसारखी औषधं म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉइड. दोघांची कामं वेगळी. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड स्नायू वाढवतं, तर कॉर्टिकोस्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर स्नायू उलट झिजतात.

गैरसमज : हे शरीराला परकं, विषारी रसायन आहे.

वस्तुस्थिती : दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती रोज कॉर्टिसॉल तयार करते आणि त्याची पातळी पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असते. म्हणूनच प्रेडनिसोलोनची गोळी बहुधा सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. रक्तदाब, साखर आणि ताणाला तोंड देण्याची ताकद कॉर्टिसॉल सांभाळतं. अ‍ॅडिसनच्या आजारात ही ग्रंथी निकामी होते. अशा रुग्णाला स्टेरॉइडची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते, कारण तिच्याशिवाय तो जगू शकत नाही.

औषध म्हणून कॉर्टिकोस्टेरॉइडची खरी ओळख झाली ती सप्टेंबर 1948मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. जिला हलणंही कठीण होतं, ती आठवड्याभरात बाजारात खरेदीला जाऊन आली. 1950मध्ये या संप्रेरकांवर काम करणाऱ्या हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण मोठे डोस दीर्घकाळ दिल्याचे दुष्परिणामही लगेचच दिसू लागले. चेहरा गोल सुजणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. लोकांच्या मनातली भीती इथूनच आली. ती निराधार नाही, पण ती मोठ्या डोसाची आणि दीर्घ काळाची आहे.

गैरसमज : स्टेरॉइड आजार नुसता दाबून ठेवतं.

वस्तुस्थिती : कित्येक आजारांत शरीराची स्वतःची अतिरेकी प्रतिक्रियाच नुकसान करत असते. ती आवरणं हाच तिथे उपचार. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रथिनं जातात, अंगावर सूज चढते. यातली बहुतेक मुलं प्रेडनिसोलोननेच सुधारतात. कुष्ठरोगात कधी कधी रिअ‍ॅक्शन येते आणि नसा सुजतात. तेव्हा स्टेरॉइड वेळेवर मिळालं तर हात-पाय लुळे पडणं टळू शकतं.

सर्वांत बोलकं उदाहरण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं. लिगिन्स आणि हॉवी या न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी 1972मध्ये दाखवून दिलं, की मुदतीआधी प्रसूती होणार असेल आणि आईला आधीच स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. आपल्याकडेही 24 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोन देतात, 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी एक. औषध स्वस्त आहे आणि त्यामुळे अनेक बाळांचे प्राण वाचतात.

गैरसमज : पंपाची सवय लागते, मुलाची वाढ खुंटते.

वस्तुस्थिती : पंपावरचा आकडा वाचा. बुडेसोनाइडच्या पंपावर 100 किंवा 200 मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दम्याचा मोठा झटका आला की प्रौढाला 40 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्याव्या लागतात. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं आणि जे गिळलं जातं त्याचा बहुतांश भाग यकृतात निष्प्रभ होतो. पंप रोज घेतला तर झटके टळतात, म्हणजेच गोळ्यांची वेळ येत नाही. स्टेरॉइडच्या भीतीने पंप सोडणारा रुग्ण शेवटी जास्त स्टेरॉइड घेतो.

उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं, पण तो साधारण एका सेंटिमीटरच्या आसपास असतो. आटोक्यात न आणलेला दमाही वाढ रोखतो आणि जीवही घेतो. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरली, की तोंडात बुरशी येण्याचा धोकाही कमी होतो.

गैरसमज : मलमच तर आहे, त्याने काय होणार!

वस्तुस्थिती : खरी बेफिकिरी इथे आहे. गजकर्ण हा बुरशीचा आजार आहे. त्याचा चट्टा गोल, कडा लाल आणि उठावदार, मधला भाग निवळलेला. मेडिकलवाल्याने दिलेल्या 'सगळ्यावर चालणाऱ्या' ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. पण स्टेरॉइडने बुरशी मरत नाही. तिच्याशी लढणारी प्रतिकारशक्ती तेवढी झोपते. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध असलं तरी त्याचा जोर तोकडा पडतो. चट्टा पसरतो, कड पुसट होते आणि डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे कायमचे व्रण उमटतात.

चेहरा उजळायला लावलेल्या क्रीमचंही तेच. सुरुवातीला रंग उजळतो, मग लाली, आग, पुरळ, नको तिथे केस. क्रीम बंद केलं की त्रास उसळतो, म्हणून ते पुन्हा लावलं जातं. 2018मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात. म्हणून ट्यूब उलटी करून नावं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं, तर त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावू नका.

गैरसमज : गंभीर आजारात जितकं लवकर, जितकं जास्त, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : कोरोनाने याचा धडा दिला. जून 2020मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. 2021च्या दुसऱ्या लाटेत कित्येकांना ते गरज नसताना, फार लवकर किंवा मोठ्या डोसात दिलं गेलं. साखर भडकली. त्यातूनच बळावलेल्या म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाने, महाराष्ट्रात अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राण घेतले. मधुमेहींना सर्वांत मोठा फटका बसला.

गैरसमज : बरं वाटलं की गोळ्या थांबवाव्यात.

वस्तुस्थिती : बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी आपलं काम थांबवते. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळ्या घेऊन एकदम बंद केल्या, तर ती लगेच जागी होत नाही. गळून जाणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यूही. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. अशा गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबल्या असतील, तर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना ते जरूर सांगा.

गुडघेदुखीवर किंवा दम्यावर जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांबच राहा. त्यांत चोरून स्टेरॉइड घातल्याचं वेळोवेळी आढळलं आहे. घेणाऱ्याला पत्ता नसतो आणि पुड्या संपल्या की अचानक बंद होतात.

"यात स्टेरॉइड आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. डॉक्टरांना पुढचंही विचारा. कोणतं, किती, किती दिवस, आणि बंद कसं करायचं? ही चार उत्तरं माहीत असलेला रुग्ण पंप मध्येच सोडत नाही आणि ट्यूब मनाने लावत नाही.