न पाहिलेल्या पावलांसाठी

हाताने विणलेल्या मोज्यांची अदलाबदल हा युरोप-अमेरिकेतल्या विणकाम करणाऱ्यांचा आवडता उद्योग आहे. कधीही न भेटलेल्या दोघी एकमेकींसाठी मोज्यांचा एकेक जोड विणतात आणि टपालाने धाडतात. समोरच्या पावलाची माहिती म्हणून हाती असते ती एक चिठ्ठी: लांबी २४ सेंटिमीटर, चवड्याचा घेर २१ सेंटिमीटर, आवडता रंग हिरवा. एवढ्या मापांवर आपल्याकडचा कुठलाही शिंपी ब्लाउज शिवायला घेणार नाही. मोजा मात्र बहुतेक वेळा बसतो, आणि टाचेला, घोट्याला, चवड्याला नीट लागून बसतो. बाळंतविड्यातल्या लोकरीच्या मोज्यांची गोष्ट तर याहून पुढची. कुंची, टोपडं, दुपट्याबरोबर आजी किंवा मावशी ते विणायला घेते तेव्हा ते पाऊल अजून जन्मालाही आलेलं नसतं.

हे जमतं त्याचं श्रेय विणणारीच्या हाताला आहेच, पण त्याहून जास्त ते टाक्याच्या आकाराला आहे.

मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे जवळजवळ सरळ धावतात. ते ओढलं की ताण थेट धाग्यावर येतो, आणि सुती किंवा लोकरीचा धागा फारसा लांबत नाही. सुयांवरच्या विणकामात सगळा कारभार एकाच धाग्याचा. प्रत्येक ओळीत तो आधीच्या ओळीतल्या वेढ्यांमधून बाहेर काढलेला असतो. हा वेढा म्हणजेच टाका. रुंदीकडे ओढलं की उभट वेढा आडवा पसरतो, उंचीला कमी होतो. धाग्याची लांबी तेवढीच राहते, फक्त त्याची वळणं बदलतात. धागा आणखी वाकवायला जोर लागतो, आणि ओढणं थांबलं की तोच जोर वेढ्याला जागेवर आणतो. फ्रान्समधल्या सॅम्युअल प्वाँक्लू, मोख्तार अद्दा-बेदिया आणि फ्रेडरिक लेशनो या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी नायलॉनच्या दोऱ्याचं कापड विणलं, ते ताणून पाहिलं आणि दाखवलं की तीन गोष्टी धरल्या तर कापडाचं वागणं बऱ्यापैकी सांगता येतं: धाग्याची लांबी बदलत नाही, धागा वाकवायला ऊर्जा लागते, आणि कोणता वेढा कुठून गेला आहे ही गुंतवण मोडत नाही. न ताणणाऱ्या धाग्यापासून ताणणारं कापड होतं ते असं.

टाके एकमेकांवर घासतातही. दिवसभर घातलेला मोजा संध्याकाळी सैल वाटतो, कारण सरकलेले वेढे घर्षणामुळे पुरते परतलेले नसतात. धुतल्यावर ते पुन्हा आपली जागा शोधतात.

मोज्याच्या वरच्या पट्टीत हा गुण आणखी वाढवलेला असतो. सुलट टाका आणि उलट टाका हे वेगळे टाके नव्हेत. एकच टाका एकदा पुढून पाहिला, एकदा मागून. पण त्याच्या दोन बाजू सारख्या नसल्यामुळे नुसत्या सुलट टाक्यांचं कापड कडेला गुंडाळत जातं. दोन सुलट, दोन उलट असे उभे पट्टे घातले की सुलट पट्टे पुढे येतात, उलट मागे सरकतात, कापडाला बारीक घड्या पडतात आणि ते आपणहून आखडतं. पोटरीवर चढताना या घड्या उलगडतात आणि चढल्यावर पायाला धरतात. रबराची गरज लागत नाही. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिसाबेटा मात्सुमोटो आणि त्यांचे सहकारी नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास करतात. धागा तोच ठेवून फक्त सुलट-उलट टाक्यांची मांडणी बदलली तर कापडाचा ताठपणा किती बदलतो, हे त्यांनी २०२४ मध्ये मोजून दाखवलं. आपल्या आज्यांनी हे ज्ञान बोटांत बाळगलं होतं. त्याला समीकरण मिळालं, याचा मला मनापासून आनंद होतो.

आता चिठ्ठीवरच्या मापाकडे वळू. घेर २१ सेंटिमीटर म्हणून २१ सेंटिमीटरचा मोजा विणला तर तो पायात गोळा होईल. मोजा पावलापेक्षा साधारण दहा टक्के लहान हवा, म्हणजे तो घातल्यावर थोडा ताणलेला राहतो आणि सरकत नाही. इथे तो १९ सेंटिमीटर धरू. मोज्यांच्या बारीक लोकरीत, सव्वादोन-अडीच मिलिमीटरच्या सुयांवर, १० सेंटिमीटरमध्ये सुमारे ३२ टाके बसतात. हिशेब येतो ६१. दोन सुलट-दोन उलट जमायला चाराच्या पटीतला आकडा हवा, म्हणून ६० टाके घालायचे. पण हात घट्ट असेल आणि तेवढ्याच जागेत ३६ टाके बसत असतील, तर याच ६० टाक्यांचा मोजा पावणेसतरा सेंटिमीटरचा होतो आणि टाचेवरून चढता चढत नाही. म्हणून आधी हातभर नाही तरी तळहाताएवढा नमुना विणून, धुऊन, वाळवून टाके मोजायचे. नमुन्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. स्वतःसाठी विणताना मोजा मध्येच पायात घालून बघता येतो, म्हणून तो कंटाळा एक वेळ चालतो. दुसऱ्यासाठी विणताना नमुना हाच काय तो आधार. लांबीच्या बाबतीत तर कापड रुंदीइतकं उदार नसतं. उभ्या दिशेने ते कमी ताणतं, म्हणून घेरात खपणारी चूक लांबीत खपत नाही.

मोज्यातली खरी बुद्धी टाचेत आहे. नळीसारखं सरळ विणलेलं कापड पायावर चढेल, पण घोट्यापुढे त्याच्या चुण्या पडतील आणि टाचेवर ते ताणलं जाईल, कारण पाऊल नडगीपासून काटकोनात वळतं. टाच बाहेरून गोल, वाटीसारखी. घोट्याच्या पुढचा खळगा एका दिशेने आत आणि दुसऱ्या दिशेने बाहेर वळलेला. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये सिद्ध केलं की पृष्ठभागाची अशी वक्रता त्या पृष्ठभागावरच्या अंतरांतच लिहिलेली असते. कागदाची गुंडाळी होते, वाटी होत नाही. वाटी करायची तर मधली आणि कडेची अंतरं वेगळी करावी लागतात. शिंपी त्यासाठी कापड कापून चुण्या किंवा टक्स घालतो. विणणारी मध्ये जास्त ओळी घालते, कडेला कमी.

साठ टाक्यांच्या मोज्यात ते असं घडतं. निम्मे, म्हणजे ३० टाके घेऊन टाचेमागची पट्टी ३० ओळी विणायची. मग टाच वळवायची. १७ टाके सुलट विणायचे, दोन एकत्र घ्यायचे, आणखी एक विणायचा आणि ओळ अर्धवट सोडून काम उलटं फिरवायचं. पहिला टाका न विणता सरकवायचा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरवायचं. आता मधल्या विणीच्या दोन्ही कडांना एकेक फट दिसते. प्रत्येक ओळीत फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र घ्यायचा, पुढचा एक विणायचा आणि फिरायचं. दर ओळीला मधला तुकडा एकेक टाक्याने रुंदावत जातो आणि सुईवर सपाट पडलेलं कापड हातात खोलगट होऊ लागतं. कडेचे टाके संपतात तेव्हा ३० चे १८ राहिलेले असतात. पहिल्यांदा विणणाऱ्यांना इथे हमखास वाटतं की काहीतरी बिघडलं, कारण सुईवरचं काम वेडंवाकडं दिसतं. त्याच क्षणी ते बरोबर होत असतं. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून १५-१५ टाके उचलायचे. पुढचे ३० धरून एकूण ७८ होतात. जास्तीचे १८ एकाआड एक फेरीत दोन-दोन करून आटवले की मोजा पुन्हा ६० वर येतो, आणि घोट्याजवळच्या रुंद भागाला तेवढा ऐसपैसपणा मिळालेला असतो.

इजिप्तमधले, तिसऱ्या ते पाचव्या शतकातले लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. चपलेचा अंगठा घालता यावा म्हणून त्यांची बोटं दुभागलेली आहेत. ते सुयांवर विणलेले नाहीत. नेढं असलेल्या एकाच सुईने, लोकरीचे छोटे तुकडे जोडत केलेलं ते आणखी जुनं काम आहे. पण गाउसच्या दीड हजार वर्षं आधी कुणीतरी टाचेचा गोलवा धाग्यात उतरवला होता.

टाच झाली की पावलाचा भाग झपाट्याने होतो आणि बोटांशी टाके आटवत यायचं. शेवटी वरचे काही आणि खालचे काही टाके उरतात. ते शिवून टाकले तर बोटांवर कडक शिवण येते. त्याऐवजी रफूच्या सुईत धागा ओवून, विणीतला धागा ज्या वाटेने गेला असता अगदी त्याच वाटेने तो फिरवायचा, म्हणजे जोड राहतच नाही. या पद्धतीला पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचं नाव चिकटलं आहे. त्या युद्धात सैनिकांसाठी घरोघरी मोजे विणले गेले, आणि तो केवळ मायेचा भाग नव्हता. पाणी साचलेल्या खंदकांत दिवसचे दिवस ओले बूट घालून पाय सडत होते आणि कोरडे मोजे हाच त्यावरचा साधा उपाय होता.

इथे लोकरीचा गुण कामाला येतो. लोकरीचा तंतू म्हणजे आपल्या केसांसारखंच केराटिन. तो बाष्प पोटात घेतो, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत, तरी हाताला ओला लागत नाही. ॲक्रिलिक जेमतेम दोन टक्के घेतं. आपल्याकडच्या दुकानांत लोकर म्हणून मिळणारे बहुतेक स्वस्त गुंडे ॲक्रिलिकचे असतात. ते धुवायला सोपे आणि रंगांनी सुरेख, पण बंद बुटात किंवा बाळाच्या पायात घाम तसाच राहतो. कोकणातल्या उकाड्यात बाळाला सुती धाग्याचे मोजे विणणं मला केव्हाही जास्त शहाणपणाचं वाटतं.

लोकर टोचते तीही तंतूच्या जाडीमुळे. साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतूचं टोक त्वचेवर दाबलं गेलं की वाकण्याऐवजी रुततं आणि वेदनेच्या नसा जाग्या करतं. बारीक तंतू वाकून बाजूला होतो. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आतली, म्हणून मोज्यांना ती चालते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. घोंगडीला तीच हवी, तान्ह्या पावलाला नको.

बाळाच्या मोज्याबद्दल एक गोष्ट बाळंतविडा देणाऱ्या प्रत्येकीने मनावर घ्यावी. मोजा उलटा करून आतून पाहा. दोन रंगांची नक्षी असेल तर आतून धागे मोकळे लोंबतात. कुठे सुटलेलं टोक असतं. असा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर आवळत जाऊन रक्तपुरवठा तोडू शकतो. बाळ रडतं, पण का ते कुणाला कळत नाही. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. तेव्हा बाळासाठी एकरंगी, आतून साफ मोजे विणावेत, आणि बाळ उगाच रडत असेल तर मोजे काढून बोटं पाहावीत.

मोठ्यांच्या मोज्यांचा शत्रू म्हणजे गरम पाण्याची बादली. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, सगळे टोकाच्या दिशेने. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. साबण, ऊब आणि घुसळण मिळाली की तंतू पुढे सरकतात, मागे येत नाहीत आणि एकमेकांत रुतून बसतात. २४ सेंटिमीटरचा मोजा मुलाच्या पायाचा होतो आणि मग कुठल्याही उपायाने सुटत नाही. यंत्रात धुता येणाऱ्या लोकरीत हे खवले क्लोरीनने बोथट करून वर राळेचा पातळ थर दिलेला असतो. टाच आणि चवडा झिजू नयेत म्हणून मोज्यांच्या लोकरीत बहुधा पाव हिस्सा नायलॉनही मिसळतात.

म्हणून भेटीच्या पुडक्यात दोन गोष्टी असाव्यात. एक, कसं धुवायचं याची चिठ्ठी. दुसरी, त्याच लोकरीची सुपारीएवढी गुंडी, टाच विरली तर रफू करायला. मोजे देण्याआधी धुताना तीही सैल लडी करून त्याच पाण्यात धुऊन घ्यावी. नाहीतर रफूचा नवा धागा पहिल्याच धुण्यात आटतो आणि भोवतालची जुनी वीण ओढून धरतो.