वक्री गुरू आणि लांबलेला सिंहस्थ

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २४ जुलै २०२८ रोजी समाप्ती आहे, म्हणजे हे पर्व जवळजवळ एकवीस महिने चालते. याआधीचा सिंहस्थ मात्र १४ जुलै २०१५ रोजी सुरू होऊन ११ ऑगस्ट २०१६ रोजी, सुमारे तेरा महिन्यांत आटोपला होता. गुरू सिंह राशीत असताना हे पर्व मानायचे, हा नियम दोन्ही वेळी तोच आहे आणि सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला गुरूला लागणारी ११.८६ वर्षेही बदललेली नाहीत. फरक पडतो तो गुरूच्या वक्री गतीमुळे, आणि त्यातही ती गती राशीच्या मध्यावर येते की सीमेवर, यामुळे.

तारे एकमेकांच्या संदर्भात स्थिर दिसतात, ग्रह मात्र त्यांच्यामधून रोज थोडेथोडे पूर्वेकडे सरकत असतात आणि या नेहमीच्या चालीला मार्गी गती म्हणतात. ठरावीक काळाने ग्रहाची चाल मंदावते, तो थांबल्यासारखा दिसतो, म्हणजे स्तंभी होतो, आणि नंतर काही आठवडे किंवा महिने पश्चिमेकडे सरकतो. हाच त्याचा वक्री काळ. प्रत्यक्षात कोणताही ग्रह आपल्या कक्षेत मागे फिरत नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते आणि गुरू सुमारे १३ किलोमीटर वेगाने, त्यामुळे दर ३९९ दिवसांनी पृथ्वी गुरूला गाठून पुढे जाते आणि त्या सुमारास पृथ्वीवरून गुरूकडे जाणारी दृष्टिरेषा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलट दिशेने वळते. या वेळी सूर्य आणि गुरू यांच्या मधोमध पृथ्वी असते, म्हणजेच गुरूची सूर्याशी प्रतियुती होते, आणि म्हणून वक्री गुरू सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, रात्रभर दिसतो व वर्षातील सर्वाधिक तेजस्वी असतो. बुध व शुक्र यांच्या बाबतीत भूमिका उलटतात: ते आतल्या कक्षेतून पृथ्वीला मागे टाकतात, त्यामुळे त्यांचा वक्री काळ सूर्याच्या सान्निध्यात येतो आणि त्याचा मधला भाग दिसतच नाही. सूर्य आणि चंद्र कधीच वक्री होत नाहीत, कारण चंद्र पृथ्वीभोवतीच फिरतो आणि सूर्याची वार्षिक चाल ही पृथ्वीच्याच फेरीचे प्रतिबिंब असते.

पृथ्वी स्थिर मानणाऱ्या प्राचीन गणितींना हे कोडे उलगडले नव्हते, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. सूर्यसिद्धान्तात ग्रहांच्या आठ प्रकारच्या गती सांगून, ग्रह किती शीघ्रकेंद्राला वक्री होतो याचे अंशही दिले आहेत. शीघ्रकेंद्र म्हणजे ग्रह आणि त्याचे शीघ्रोच्च यांच्यामधील कोन, आणि मंगळ, गुरू व शनी यांचे शीघ्रोच्च म्हणजे दुसरे काही नसून मध्यम सूर्यच आहे. वक्री गतीचे सूत्र सूर्याच्या हाती आहे हे या गणिताने पृथ्वीला न हलवताही ओळखले होते. ग्रंथातील अंक मंगळासाठी १६४, बुधासाठी १४४, गुरूसाठी १३०, शुक्रासाठी १६३ आणि शनीसाठी ११५ अंश असे आहेत. कक्षा वर्तुळाकार धरून आजच्या सूत्राने हेच कोन काढले, तर मंगळ, बुध आणि शनी यांची उत्तरे या अंकांपासून एका अंशाच्या आत येतात, तर गुरू आणि शुक्र यांच्यात सुमारे चार अंशांचा फरक निघतो. दुर्बिणीविना केलेल्या कामाची ही अचूकता आजही थक्क करणारी आहे.

ग्रह जितका दूर, तितका त्याच्या वक्री काळाचा वाटा मोठा. मंगळ सुमारे ७८० दिवसांच्या चक्रात जेमतेम अडीच महिने वक्री असतो, गुरू ३९९ दिवसांपैकी सुमारे चार महिने, तर शनी ३७८ दिवसांपैकी साडेचार महिने. याचा सरळ अर्थ असा की जगात जन्मणाऱ्या तिघांपैकी किमान एकाच्या कुंडलीत शनी वक्री असतोच, तेव्हा पत्रिकेतील वक्री शनी हा दुर्मीळ योग म्हणून सांगितला जात असेल तर ते अंकगणिताला धरून नाही. राहू आणि केतू यांची गोष्ट वेगळीच आहे, कारण ते ग्रह नसून चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ते दोन बिंदू आहेत. सूर्याच्या आकर्षणामुळे चंद्रकक्षेचे प्रतल सावकाश फिरते आणि हे बिंदू १८.६ वर्षांत एक उलटी फेरी पूर्ण करतात.

गुरू वक्री काळात सुमारे दहा अंश मागे येतो आणि एका वक्री काळापासून पुढच्या वक्री काळापर्यंत सरासरी ३३ अंश पुढे सरकतो, तर राशीची लांबी ३० अंश असते. त्यामुळे दहा अंशांचा हा पट्टा राशींच्या सीमांच्या तुलनेत दरवर्षी थोडा पुढे जातो. काही वर्षे तो राशीच्या पोटात राहतो आणि मग ओळीने काही वर्षे सीमा ओलांडत राहतो. २०१६ मध्ये जानेवारी ते मे हा संपूर्ण वक्री काळ सिंहेतच पार पडला. या खेपेस गुरू ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी सिंहेत येतो, डिसेंबरच्या मध्यास वक्री होतो, जानेवारी २०२७ च्या अखेरीस पुन्हा कर्केत शिरतो आणि जूनच्या अखेरीस सिंहेत परततो. पुढे नोव्हेंबरच्या अखेरीस तो कन्येत जातो, फेब्रुवारी २०२८ च्या अखेरीस वक्री गतीने सिंहेत येतो आणि २४ जुलैला सिंह रास कायमची सोडतो. कर्केतील पाच आणि कन्येतील तीन महिने वजा केले, तर सिंहेतील प्रत्यक्ष वास्तव्य सुमारे तेरा महिनेच भरते, म्हणजे मागच्या वेळेइतकेच. मुख्य अमृतस्नानांना सूर्यही सिंहेच्या आसपास लागत असल्याने ती ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्येच येतात, आणि तेव्हा गुरू सूर्याच्या इतका जवळ असतो की दिसतही नाही.

या तारखा चित्रापक्षीय अयनांशावर बेतलेल्या आहेत. अयनांश म्हणजे वसंतसंपात आणि निरयन राशिचक्राचा आरंभबिंदू यांतील अंतर. चित्रापक्षात ते आज सुमारे २४ अंश आहे, तर टिळक पंचांगाने स्वीकारलेल्या रैवत पक्षात सुमारे २० अंश, आणि त्यामुळे टिळक पंचांगाच्या गणिताने गुरूचा सिंहप्रवेश जवळजवळ चार आठवडे आधी येतो. मात्र गुरू वक्री आणि मार्गी होण्याच्या तारखांत दोन्ही पक्षांत काडीचाही फरक पडत नाही. राशीची सीमा माणसाने आखलेली आहे. वक्री होण्याचा दिवस पृथ्वी आणि ग्रह यांच्या जागांवरून ठरतो.

फलज्योतिषाचा प्रांत यापुढे सुरू होतो, आणि तिथेही परंपरा आणि प्रचलित समज यांची फारकत दिसते. वराहमिहिराच्या बृहज्जातकापासून चालत आलेल्या मताप्रमाणे वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळते, म्हणजे तो दुबळा नव्हे तर बलवान होतो. बाह्य ग्रह वक्री असताना अधिक तेजस्वी दिसतात, हे त्यामागचे कारण असणे शक्य आहे. बुध वक्री झाला की करार मोडतात आणि यंत्रे बिघडतात ही धास्ती पाश्चात्त्य राशिभविष्यातून अलीकडे इकडे आली. बुध वर्षातून तीनदा, क्वचित चारदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवडे वक्री असतो, तेव्हा वर्षातल्या दहा आठवड्यांत घडलेला कोणताही घोटाळा त्याच्या नावावर खपून जातो. मानवी व्यवहार आणि ग्रहांची वक्री गती यांत संबंध असल्याचा पुरावा विज्ञानाला मिळालेला नाही.

गती स्वतः मात्र कोणालाही पाहता येते. डिसेंबर २०२६ च्या मध्यास गुरू मघा नक्षत्राच्या योगताऱ्यापासून सुमारे तीन अंशांवर येऊन थबकतो, फेब्रुवारीत प्रतियुतीला त्याच्यापासून दूर सरकताना सर्वांत तेजस्वी असतो, आणि एप्रिल २०२७ च्या मध्यास मार्गी होतो तेव्हा हे अंतर सुमारे तेरा अंश झालेले असते. ते मोजायला दुर्बीण लागत नाही: हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते आणि मधली तीन बोटे सुमारे पाच.