लाल उजेडाची बंदूक

कोकणातल्या वेळणेश्वरच्या माडांपलीकडे थेट अरबी समुद्र. 31 जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपते आणि या किनारपट्टीवरच्या बोटी पुन्हा खोल पाण्यात उतरतात. तिथे इंजिन बंद पडलं, वायरलेसही बोलेना, तर मदत मागायला उरतो लाल उजेड. फयान वादळाने 2009च्या नोव्हेंबरमध्ये कोकणातल्या मच्छीमारांना समुद्राची दहशत पुरेपूर दाखवली.

हा उजेड आकाशात फेकणारं पिस्तूल अमेरिकन नौदलातल्या एडवर्ड व्हेरी यांच्या नावाने ओळखलं जातं. काळ 1877च्या सुमाराचा. आखूड, जाडजूड नळी. खटका दाबला की ती पुढे वाकते. अंगठ्यापेक्षा जाड काडतूस सरकवायचं, नळी मिटायची, घोडा ओढायचा, हात वर धरून चाप दाबायचा. काडतुसातली दारू जळत्या गोळ्याला वर फेकते. मॅग्नेशियममुळे तो झळाळतो, स्ट्राँशियममुळे लाल दिसतो. हल्ली मोठ्या जहाजांवर पिस्तुलाऐवजी हातात धरून सोडायचे पॅराशूट रॉकेट असतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते किमान 300 मीटर वर गेले पाहिजेत आणि तिथून किमान 40 सेकंद जळत खाली यायला हवेत.

सिनेमावाल्यांना यातला उजेड नको असतो, हवी असते ती नळी, खऱ्या शस्त्राच्या जागी दाखवायला. अमेरिकी रायफलीखाली बसणारा एम-203 हा ग्रेनेड लाँचर 40 मिलिमीटरचा. तिकडच्या कायद्यात तो विध्वंसक शस्त्रांत मोडतो, त्यामुळे नोंदणी आणि कर दोन्ही मागे लागतात. असा उजेड सोडणारा 37 मिलिमीटरचा नागरी फ्लेअर लाँचर मात्र त्या यादीत नाही. त्याच्यासोबत माणसांवर झाडायची काडतुसं बाळगली, तरच तो यादीत जातो. मग सिनेमाच्या शस्त्रविभागाचा माणूस रायफलीखाली हा लाँचर बसवतो. तीन मिलिमीटरची लबाडी प्रेक्षकाला कुठून कळणार? धूर आणि स्फोट स्पेशल इफेक्टवाले वेगळे घडवतात.

म्हणून हे खेळणं ठरत नाही. 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे रॉक संगीतकार फ्रँक झॅपाच्या मैफलीत प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि अख्खा कॅसिनो जळून खाक झाला. माणूस मारायला न बनवलेली वस्तूही छताखाली काय करू शकते, हे त्या दिवशी दिसलं.

उद्या एखादं युनिट वेळणेश्वरला रात्रीचं शूटिंग करायला आलं, तर रिकामा लाँचर खुशाल मिरवावा. भरलेल्याची गोष्ट निराळी. संकटाची खूण संकटाखेरीज वापरू नये, असा सागरी वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वाळूवरून उडालेला लाल गोळा समुद्रातल्या तांडेलाला शूटिंगचा वाटणार नाही. जाळं सोडून तो बोट वळवेल, तटरक्षक दलाला कळवेल. पडद्यावर या नळीने हवं ते सोंग घ्यावं, तिच्यातल्या उजेडाला ती मुभा नाही.